शुद्धिपत्र कोणाकडे मागायचे?

समाजात एखादा वाद पेटला की हल्ली एक वाक्य ठरलेले असते. आमदारांना विचारा, मंत्र्यांना विचारा, देवस्थानच्या विश्वस्तांना विचारा, उत्तर एकच मिळते : "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे." हे वाक्य उच्चारले की बोलणारा मोकळा झाला. त्याची मते शाबूत राहतात, खुर्ची शाबूत राहते आणि भांडणारे दोन्ही पक्ष कोर्टाच्या तारखा मोजत बसतात. मंदिरात कोणी जावे, पूजा कोणी करावी, वाळीत टाकलेल्याला पुन्हा पंगतीला कोणी बसवावे, लेकीला जमिनीत वाटा मिळावा की नाही, असे सगळे प्रश्न एका दारातून उचलून दुसऱ्या दारात ठेवण्याची रीत पडली आहे.

या रीतीविरुद्ध मला बोलायचे आहे. मीमांसक आधी विषय मांडतात, मग संशय, मग पूर्वपक्ष आणि शेवटी सिद्धान्त. मी सिद्धान्त आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही. समाजाने कसे वागावे याचा नियम लोकांनी निवडलेल्या सभागृहाने, उघड चर्चेने आणि आपल्या नावावर जबाबदारी घेऊन करावा. त्या नियमाने किंवा नियमाच्या अभावी एखाद्या माणसाची वाट अडवली गेली, तर त्याचे गाऱ्हाणे न्यायालयाने ऐकावे आणि वाट मोकळी करावी. धर्म म्हणजे काय, त्यातले सार कोणते आणि फोल कोणते, हे मात्र दोघांनीही ठरवू नये. ही तीन कामे तीन ठिकाणची आहेत. ती एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो.

वारकऱ्याला हे समजायला घटनेचे पुस्तक उघडावे लागत नाही. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाज आरतीच्या वेळी काय होते ते आठवावे. चोपदार दंड उंचावतात, टाळ थांबतात आणि हजारोंचा समाज शांत होतो. पण ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असते ती दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, तक्रार ऐकून घेतात, तिचा निकाल लागतो आणि मग आरती होते. लाखाच्या समाजात एका दिंडीचा टाळ वाजत असला तरी आरती थांबते. न्यायालयाचे खरे मोल मी इथे पाहतो. परंतु दिंड्यांचा क्रम कोणता, मुक्काम कुठे, निघायचे कधी, हे चोपदार तळावर उभ्या उभ्या ठरवत नाहीत. ते परंपरेने आणि संबंधितांच्या बैठकीत आधी ठरलेले असते. उद्या प्रत्येक दिंडीने क्रमसुद्धा चोपदारांनीच रोज नव्याने ठरवावा असा हट्ट धरला, तर ना सोहळा पुढे सरकेल ना चोपदारांचा मान राहील.

आता आपल्याच घरातल्या दोन कथा. आळंदीच्या विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसार केला. ब्रह्मवृंदाने कुटुंब वाळीत टाकले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. आईबापांनी देह सोडले, तरी चार लेकरांची सुटका झाली नाही. त्यांना पैठणला जाऊन शुद्धिपत्र मागावे लागले, अशी आपली परंपरा सांगते. ते ब्राह्मण अडाणी नव्हते. शास्त्र त्यांना तोंडपाठ होते आणि निर्णय ग्रंथाला धरूनच दिला असे त्यांना वाटत होते. दोष विद्येत नव्हता. निर्णय देणाऱ्यांना त्या लेकरांपुढे कधी उभे राहावे लागणार नव्हते, त्यांना कोणी जाब विचारू शकत नव्हते आणि निर्णय फिरवण्याचा मार्ग कोणाला मोकळा नव्हता, दोष तिथे होता.

दुसरी कथा देहूची. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, त्यामागे विद्वानाचा शब्द होता आणि गावातल्या वजनदारांचा रागही होता. म्हणजे विद्वत्ता चुकू शकते आणि गावही चुकू शकतो. म्हणून जो म्हणतो की "न्यायाधीश शहाणे, त्यांच्यावर सोपवा", त्याला मी आळंदी दाखवतो, आणि जो म्हणतो की "बहुमत म्हणेल ते खरे", त्याला देहू दाखवतो. प्रश्न इतकाच उरतो, की चूक झाली तर ती कोणाच्या हातून झालेली लवकर दुरुस्त होते.

याचे उत्तर आपल्याला पंढरपुरातच मिळते.

चोखोबा महाद्वाराबाहेर राहिले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून समाधी दिली तीही पायरीपाशीच. पुढे शतके लोटली. रोज दर्शनाला जाणाऱ्यांनी चोखोबांच्या समाधीला हात लावून तो कपाळी नेला, आणि चोखोबांच्या जातीच्या माणसाला मात्र आत येऊ दिले नाही. १९४७ साली साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकांची मने वळवली आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण आरंभले. त्यांना जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात. हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे, कारण त्या वेळी पंढरपुरातली प्रत्येक भिंत गुरुजींना टेकू देणारी नव्हती. गणेश वासुदेव मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींनी मान्यता दिली आणि उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला.

इथे क्रम लक्षात घ्यावा. आधी गावोगाव समजावणे झाले, मग तपश्चर्या झाली, मग सभागृहाचा कायदा आला. ते सभागृह पूर्ण प्रौढ मतदानाने निवडलेले नव्हते, कारण त्या काळी मताचा हक्क थोड्यांनाच होता. तरीही ज्यांनी तो कायदा केला त्यांनी उभे राहून आपल्या नावाने केला. पुढे राज्यघटना आली. तिच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता संपवली आणि २५ व्या अनुच्छेदाने हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सर्व वर्गांच्या हिंदूंना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला दिला. १९५६ साली मुंबई राज्याने त्याहून व्यापक कायदा केला. सार्वजनिक पूजास्थानात कोणत्याही वर्गाच्या हिंदूला अडवणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली गेली.

मग न्यायालयाने काय केले? ज्यांना हे कायदे रुचले नाहीत ते न्यायालयात गेले. दक्षिण कानडातील मुल्की येथे गौड सारस्वतांचे व्यंकटरमण मंदिर आहे. हा आपल्या गोव्या-कोकणाशी नाते असलेला समाज. मद्रास प्रांताच्या मंदिर प्रवेश कायद्यावर त्यांचे म्हणणे असे, की हे मंदिर आमच्या संप्रदायाचे आहे आणि संप्रदायाचा कारभार आमचा आम्ही बघू. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. सर्व हिंदूंना दर्शनाचा हक्क दिला आणि संप्रदायाचे काही खास विधी फक्त त्यांच्याच लोकांसाठी राखू दिले. हा मला नमुन्याचा निकाल वाटतो. कायदा सभागृहाचा, वाट मोकळी करणे न्यायालयाचे, आणि संप्रदायाची रीतही पायदळी गेली नाही.

पंढरपूरचेच दुसरे प्रकरण बघा. बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क नाहीसे करणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने केला. त्याआधी आयोग नेमला गेला होता आणि तक्रारी ऐकल्या गेल्या होत्या. कायद्याला आव्हान दिले गेले आणि शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो जानेवारी २०१४ मध्ये. कायदा टिकला, पण चाळीस वर्षे गेली. १९७३ साली ज्याने टाळ हाती घेतला त्याचा नातू तोवर वारीला चालू लागला. सभागृहाने केलेले काम न्यायालयात केवळ टिकवायला एवढा काळ लागतो. मग मुळात सभागृहाने काहीच न करता सारा प्रश्न न्यायालयाकडे ढकलला तर किती काळ लागेल?

काळाचे एक वेळ सोडून देऊ. मला जास्त खुपते ते वेगळेच. न्यायालयापुढे धर्माचा प्रश्न आला की त्याला धर्माची व्याख्या करत बसावे लागते. १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालापासून अशी वहिवाट पडली, की धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता हे पाहायचे आणि तेवढ्याला घटनेचे संरक्षण द्यायचे. ऐकायला हे सरळ वाटते. पण अत्यावश्यक काय, हे ठरवायचे कोणी? वारी अत्यावश्यक आहे का? एकादशी? तुळशीची माळ? टाळ-मृदंगाशिवाय नामस्मरण होते, मग टाळ गौण म्हणायचे का? ज्याने आयुष्यभर माळ घातली त्याला विचारा, आणि ज्याने कधी घातली नाही त्याला विचारा. उत्तरे वेगळी येतील आणि निकाल लिहिणारा बहुधा दुसऱ्या वर्गातला असेल.

एक उदाहरण देतो. अहमदाबादच्या स्वामिनारायण सत्संगींनी १९४८ साली दावा लावला, की आमचा संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा आहे, म्हणून मंदिर प्रवेशाचा कायदा आमच्या मंदिरांना लागू नाही. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. निकाल लिहिला सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी, म्हणजे साताऱ्याच्या, संस्कृत विद्येची परंपरा असलेल्या घराण्यातल्या माणसाने. निकालाचा शेवट योग्यच होता, दलितांना दार उघडले. पण तिथे पोचण्यासाठी हिंदू कोण, हिंदू धर्म म्हणजे काय, याची लांबलचक चर्चा न्यायालयाला करावी लागली. ती चर्चा मग त्या दाव्यापुरती राहिली नाही. १९९५ मध्ये निवडणुकीतल्या भाषणांच्या खटल्यांतही तिचा आधार घेतला गेला. मंदिराच्या दारासाठी घडवलेली किल्ली मतपेटीला लावली गेली. विधिमंडळाने कायद्यात केलेली व्याख्या त्या कायद्यापुरती असते आणि पुढचे विधिमंडळ ती बदलू शकते. न्यायालयाने केलेली धर्माची व्याख्या कोणी बदलायची?

आता केरळच्या शबरीमलाकडे वळतो. १० ते ५० वयाच्या स्त्रियांना तिथे मज्जाव होता. २८ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो मज्जाव घटनाबाह्य ठरवला. वेगळे मत देणाऱ्या न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा या त्या पीठावरच्या एकट्याच स्त्री. भक्तीच्या बाबतीत न्यायालयाने तर्काची फूटपट्टी लावू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. निकालानंतर जे झाले ते देशाने पाहिले. रस्त्यावर गर्दी, पोलिसांचा पहारा, आणि दर्शनाला निघालेल्या बायका अर्ध्या वाटेतून परत. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याचे व्यापक प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवले.

बाईला विटाळ मानून देवाच्या दारात अडवणे मला मान्य नाही. जनाबाईंच्या जात्याला ज्याने हात लावला त्या देवाचे आपण दास, मुक्ताबाईंनी ज्ञानोबांना ताटी उघडायला लावली हे आपण कीर्तनात सांगतो, आणि आपल्या पंढरीत बाई थेट पायांवर डोके ठेवते. माझी तक्रार निकालाच्या दिशेबद्दल नाही, वाटेबद्दल आहे. पंढरपूरला कायद्याआधी साने गुरुजी गावोगाव फिरले होते. शबरीमलाच्या वादात फिरले कोण? याचिका २००६ ची. बारा वर्षांत लोकप्रतिनिधींना गावोगाव जाऊन समजावण्याला आणि सभागृहात उभे राहून भूमिका घेण्याला वेळ होता. ते कोणी केले नाही. सर्वांनी निकालाची वाट पाहिली, आणि निकाल आल्यावर काहींनी त्याच्या मागे तोंड लपवले, तर काहींनी त्याच्यावर दगड टाकून मते गोळा केली.

महाराष्ट्रात शनिशिंगणापूरला असाच वाद झाला. १ एप्रिल २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला सांगितले, की १९५६ चा कायदा तुमच्याच पुस्तकात आहे, त्याची अंमलबजावणी करा. आठवडाभरात, गुढीपाडव्याला, चौथरा स्त्रियांना खुला झाला. इथे न्यायालयाला धर्माची व्याख्या करावी लागली नाही, सभागृहाचा साठ वर्षे झोपलेला कायदा त्याने फक्त जागा केला. शबरीमलाचे भांडण आजवर आठवते, शिंगणापूरचे फारसे कोणाला आठवत नाही. फरक इथेच आहे. एका ठिकाणी लोकांच्या प्रतिनिधींनी केलेला कायदा दार उघडायला उभा होता, दुसऱ्या ठिकाणी न्यायालय एकटे पडले.

आता पूर्वपक्ष. तो प्रबळ आहे आणि त्याला बगल देणे वारकऱ्याला शोभणारे नाही.

पूर्वपक्षी म्हणतो : "महाराज, सभागृह मतांवर चालते. ज्याच्यामागे मते नाहीत त्याचे काय? चोखोबांची मते किती होती?" बरोबर आहे. जिथे एखाद्या माणसाचे जगणेच गुन्हा ठरवले आहे, तिथे बहुमताची वाट पाहायला सांगणे हे क्रौर्य आहे. २०१८ मध्ये भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमाबाबत सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्याने कोणाच्या तरी घरातली लेकरे तुरुंगाच्या भीतीतून सुटली. ते काम करायला कोणता खासदार पुढे येत होता? ती अडवलेली वाट होती आणि ती न्यायालयाने मोकळी केली. पुढे २०२३ मध्ये अशा जोडप्यांच्या विवाहाचा प्रश्न आला, तेव्हा त्याच न्यायालयाने विवाहाचा कायदा करणे हे संसदेचे काम आहे असे सांगितले. माझी सीमारेषाही जवळपास तिथेच पडते. त्या विषयावर आपल्या फडांत एकमत नाही, हे मला ठाऊक आहे. पण "संसदेचे काम" याचा अर्थ "कोणाचेच काम नाही" असा होत नाही. तिथे बसलेल्यांनी हो म्हणावे, नाही म्हणावे, पण उभे राहून म्हणावे.

पूर्वपक्ष्याला मी एक उलट प्रश्न विचारतो. न्यायालय नेहमी दुबळ्याच्याच बाजूला उभे राहते, हे कोणी सांगितले? १९४९ साली मुंबई विधिमंडळाने बहिष्काराला बंदी घालणारा कायदा केला. कोणत्याही जमातीने आपल्या माणसाला वाळीत टाकू नये, असा त्याचा हेतू. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. धर्मसंस्थेला आपला कारभार बघण्याचा हक्क आहे, त्यात माणूस बाहेर काढण्याचा हक्कही येतो, असे बहुमताने ठरले. सरन्यायाधीश सिन्हांचे मत वेगळे होते, पण ते एकटे पडले. म्हणजे विठ्ठलपंतांच्या लेकरांच्या बाजूने सभागृह उभे राहिले होते, आणि निकाल गेला ब्रह्मवृंदाच्या बाजूने. त्यानंतर जातपंचायतींनी किती घरे वाळीत टाकली याचा हिशोब कोणी ठेवला नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने पुन्हा सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ मध्ये आणि तो लागू झाला २०१७ मध्ये. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चूक सभागृहाकडूनही होते, न्यायालयाकडूनही होते, पण पुन्हा उठून दुसरा कायदा करायला सभागृहाला कोणाची परवानगी लागत नाही. निवडणूक दर पाच वर्षांनी येते. घटनापीठ कधी बसेल हे कोणाच्या हाती नाही.

पूर्वपक्षी पुढे म्हणतो : "पण आमची सभागृहे म्हणजे गोंधळ. विधेयक येते कधी, मंजूर होते कधी, कळतसुद्धा नाही. न्यायालय निदान कारणे लिहून देते." हेही खरे आहे आणि याची लाज ज्यांना वाटायला हवी त्यांना वाटत नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात नियम घालून दिले आणि सांगितले, की कायदा होईपर्यंत हे पाळा. कायदा झाला २०१३ मध्ये. सोळा वर्षे संसदेला सवड झाली नाही. याउलट लेकीच्या वाट्याचा प्रश्न घ्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला हक्क दिला. पुढे अर्थाचे वाद झाले, ते २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिटवले. आधी सभागृह, मग न्यायालय. घराघरांतली भांडणे त्याने संपली नाहीत, पण न्यायालयाने आमच्या घरात हात घातला, अशी बोंब कोणी मारली नाही, कारण कायदा आपणच निवडलेल्यांनी केला होता.

म्हणून रोग सभागृहाचा असला तर औषध सभागृहाला द्यावे. पाय लंगडतो म्हणून हातावर चालायला शिकणे हा उपाय नव्हे.

आता थोडे आपल्याच फडावर. आपल्यातली काही मंडळी म्हणतात, कोर्टही नको आणि विधानसभाही नको, धर्माचे प्रश्न धर्माचार्यांनी सोडवावेत. त्यांना माझे सांगणे एवढेच, की शतकानुशतके ते प्रश्न धर्माचार्यांकडेच होते आणि चोखोबा पायरीशीच राहिले. आपला अधिकार मोठा आहे, पण तो मन वळवण्याचा आहे. कैद करण्याचा, दंड करण्याचा अधिकार संतांनी कधी मागितला नाही. त्यांच्यावर तो चालवला गेला.

आणि जादूटोणाविरोधी कायद्याची गोष्ट आपण विसरू नये. त्याचे विधेयक वर्षानुवर्षे रखडले. आपल्यातल्या काहींनी त्याला कडाडून विरोध केला, वारी बंद होईल, कीर्तन गुन्हा ठरेल असे बोलले गेले. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. तो कायदा किती जणांनी वाचला आहे? त्यात स्पष्ट लिहिले आहे, की प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही. कायद्याच्या पुस्तकात 'हरिकीर्तन' हा शब्द बसला. तो अत्यावश्यक भागाच्या कसोटीने नाही बसला. विधेयकावर वाद झाला, शंका काढल्या गेल्या आणि मसुद्यात फेरफार झाले, म्हणून बसला. न्यायालयात वादी आणि प्रतिवादी एवढेच बोलतात. सभागृहात ज्याचा ज्याचा संबंध आहे त्याला आपला शब्द पोचवता येतो. भोंदूला पकडावे आणि कीर्तनकाराला सोडावे, इतकी बारीक रेघ कायदा करणाऱ्यालाच ओढता येते. निकालाच्या तलवारीने ती ओढणे कठीण असते.

पण शब्द पोचवायचा तर शब्द नीट हवा. मोर्चा काढणे म्हणजे म्हणणे मांडणे नव्हे. विधेयक चिकित्सेसाठी समितीकडे जाते तेव्हा लोकांच्या सूचना मागवल्या जातात. त्या किती दिंड्यांनी पाठवल्या? आपल्याकडे ओवीच्या एका शब्दावर तास तास निरूपण करणारे अभ्यासक आहेत. त्यातल्या चौघांनी एखाद्या विधेयकाची कलमे तशीच चिकाटीने वाचली, तर कोणाच्या सांगण्यावरून भडकण्याची पाळी येणार नाही. निवडणुकीत गावात उमेदवार येतो, विठ्ठलाच्या देवळात नारळ फोडतो, टाळ हातात घेऊन फोटो काढतो. त्याला विचारावे : बाबा, गावात कोणाला वाळीत टाकले तर तू कोणाच्या बाजूने बोलशील? लेकीच्या हक्काबद्दल तुझे मत काय? जो म्हणेल "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे", त्याच्या हातातला टाळ काढून घ्यावा. ज्याला उत्तर द्यायचे नाही त्याने लोकांचा प्रतिनिधी म्हणवून घेऊ नये.

आणि न्यायाधीशांविषयी. त्यांची निंदा करणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसायचे नाही. एकट्या माणसाने कागदावर गाऱ्हाणे लिहून द्यावे आणि राज्याला त्याचे उत्तर द्यावे लागावे, ही व्यवस्था मिळवायला या देशाला फार मोल मोजावे लागले. तिची पत राखायची असेल तर जे ओझे तिचे नाही ते तिच्या खांद्यावर देऊ नये. सभागृहाने टाळलेला प्रत्येक प्रश्न न्यायालयाच्या दारात टाकला, की एक दिवस लोक न्यायालयालाही एक पक्ष समजू लागतील. मग ज्याची वाट खरोखर अडली आहे तो कोणाकडे जाणार?

ज्ञानोबांना पैठणचे शुद्धिपत्र मिळाले असे आपण सांगतो. पण आज त्या पत्रामुळे त्यांना कोणी ओळखत नाही. शुद्धिपत्र देणाऱ्यांची नावे कोणाला आठवत नाहीत, आणि ज्यांना ते मागावे लागले त्यांची पालखी लाखो लोक खांद्यावर घेतात. माणसाला शुद्धिपत्र मागायला लावणारा कायदा आपल्या प्रतिनिधींनी करू नये, केला असेल तर मोडावा, आणि त्यांनी मोडला नाही तर न्यायालयाने त्या माणसापुढचे दार उघडावे. त्यापुढे त्या माणसाला उराशी धरायचे की नाही, हे कोणताही कायदा आणि कोणताही निकाल ठरवू शकत नाही. ते काम माळ घालणाऱ्यांचे आहे, आणि त्यासाठी तारीख घ्यावी लागत नाही.

रामकृष्णहरि.